दीड मीटरवरून प्रॉम्प्टिंग

सांगली : सामान

माझ्या पर्समध्ये गेली पंचवीस वर्षं एक बोटभर लांबीची बॅटरी असते. ओळखीच्यांना वाटतं, दिवे जातात म्हणून बाळगत असेल. खरं कारण वेगळं आहे. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात संज्ञापन आणि नाट्यशास्त्र शिकवते; वाचिक अभिनय हा माझा खास विषय. पण आमच्या मुलांचं नाटक उभं राहिलं, की विंगेत एका हातात संहिता आणि दुसऱ्या हातात ती बॅटरी धरून मीच उभी असते. कुणी अडखळलं, की दबक्या आवाजात पुढचा शब्द पुरवायचा. म्हणजे मी प्रॉम्प्टर. पगार शिकवण्याचा मिळतो, झोप मात्र प्रॉम्प्टिंग नीट झालं तरच लागते.

मुंबईच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या जवानाने ती बॅटरी बाहेर काढून उलटीपालटी करून पाहिली. "मोबाइल में टॉर्च नहीं है क्या, मॅडम?" त्याने विचारलं. "मोबाइलचा उजेड प्रेक्षकांत जातो," मी मराठीत सांगितलं. मागे रांग वाढत होती म्हणून असेल, त्याने ती परत दिली.

ही गोष्ट दुसरी लाट ओसरल्यानंतरच्या ऑक्टोबरातली. त्याआधी दीड वर्ष मी वाचिक अभिनय मोबाइलच्या पडद्यावरून शिकवला होता. मुलं संवादांचे कागद मोबाइलच्या मागे भिंतीला चिकटवायची आणि डोळे स्थिर ठेवून वाचायची. मी न दिसल्यासारखं करायची. त्याच काळात आपल्याकडच्या प्रॉम्प्टिंगच्या परंपरेवर मी एका ऑनलाइन चर्चासत्रात बोलले. ते ऐकून नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टहून हन्नेके नावाच्या प्राध्यापिकेचं पत्र आलं, आमच्या विभागात अडीच महिने शिकवायला या म्हणून. दोनदा तारखा पुढे गेल्या, तिसऱ्यांदा विमान उडालं.

निघण्यापूर्वी मी एक फोन केला, तो अश्विनीला. अश्विनी माझी जुनी विद्यार्थिनी. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेली आणि आता आइंडहोवनजवळच्या बेस्ट नावाच्या गावात राहते. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना जो किस्सा सांगते, तो तिचाच. चौदा वर्षांपूर्वी हौशी नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ती आमच्या नाटकात मुलीची भूमिका करत होती. शेवटच्या प्रवेशात वडील विचारतात, "तू परत येणार आहेस की नाही?" आणि ती म्हणते, "नाही, बाबा." त्या दिवशी वडिलांचा प्रश्न झाला आणि ही गप्प. विंगेतून मी ओठ हलवले, हिचं लक्ष नाही. शेवटी मी आवाज सोडला, "नाही, बाबा!" पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असणार, पण नाटक तरलं. परीक्षकांच्या शेऱ्यात 'मुलीच्या भूमिकेचे पाठांतर कच्चे' असं आलं. ती रडली, मी समजूत काढली. किस्स्याचं तात्पर्य असं, की नट विसरला तरी चालेल, प्रॉम्प्टरने जागं असावं.

अश्विनी त्यानंतर पुन्हा रंगमंचावर उभी राहिली नाही. पण तो भाग किस्स्यात येत नसे.

मास्ट्रिख्ट : पहिले पंधरा दिवस

विभागाच्या सांगण्यावरून पहिले काही दिवस मला खोलीतच राहायचं होतं. हन्नेके पहिल्याच सकाळी सायकलवरून आली, दाराशी पिशवी ठेवून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिथून माझ्याशी बोलली. मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत. वरून भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा आमचा परिचय झाला. पिशवीत पाव, चीज, ताकाचा डबा आणि चेरीचं सारण घालून भाजलेला एक गोल केक होता. त्याला व्लाय म्हणतात आणि या भागात वाढदिवसापासून मयतापर्यंत सगळ्याला तोच लागतो. ताक दाट आणि अगदी अळणी होतं. मी त्यात मीठ-जिरं घातलं आणि पहिल्यांदा बरं वाटलं.

बाहेर पडल्यावर नदी पाहिली. मास नदीवर जुना दगडी पूल आहे, त्यावर फक्त पायी आणि सायकलने जायचं. पात्र रुंद, पाणी करड्या रंगाचं, काठाला बांधीव कठडे. आमच्या कृष्णेला घाट आहेत, हिला बाकं आहेत. हन्नेकेने एका भिंतीकडे बोट दाखवलं, "या जुलैत पाणी फार चढलं होतं. माझ्या आईला शेजाऱ्यांनी बाहेर काढलं." मी म्हटलं, "त्याच जुलैत आमच्या गल्लीतही होडी आली होती." दोघी जरा वेळ कठड्याला टेकून राहिलो. इतक्या लांब येऊन पहिल्यांदा ज्या विषयावर माझं आणि कुणाचं पटलं, तो पूर होता.

जेवणाचं मात्र पटायचं नाही. दुपारी बारा वाजता सगळा विभाग पावाचे थंड तुकडे डब्यातून काढतो आणि वीस मिनिटांत उठतो. चहा-कॉफीबरोबर एक बिस्किट. एकच. डबा पुढे करायचा, एक घ्यायचं, डबा बंद. मी पहिल्या दिवशी सवयीने दुसरं घेतलं आणि टेबलावरचे चार जण जरा जास्तच प्रेमाने हसले.

वर्गात अठरा मुलं होती. सगळ्यांनी सकाळी घरी नाकात काडी घालून स्वतःची चाचणी करून यायचं. जागेवर बसल्यावर मास्क काढायला परवानगी होती, मी मात्र काढत नसे. ज्यांनी बसवलेल्या नाटकात अश्विनीने मुलगी केली होती ते आमचे सहकारी दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मला त्यांना भेटता आलं नाही. त्यानंतर माझ्या तोंडावरचं ते कापड निघता निघत नव्हतं.

पहिला स्वाध्याय मी असा दिला होता, की घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलेली एक आठवण पाठ करून, उभं राहून सांगायची. यास्पर नावाचा एक उंच विद्यार्थी आजोबांच्या दुकानाबद्दल सांगत होता. सांगता सांगता थांबला. मी दोन सेकंद थांबले असेन. मग माझ्याच्याने राहवेना. "सायकल," मी म्हटलं. आदल्या वाक्यात सायकल होती. तो माझ्याकडे पाहतच राहिला.

"मी विसरलो नव्हतो," तो इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाला. "माझं गप्प राहून झालं नव्हतं."

आमच्याकडे एखाद्या विद्यार्थ्याने असं म्हटलं असतं, तर वर्गाने जीभ चावली असती. इथे कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. उद्धटपणाही नाही, त्याने मला वेळ सांगावी तसं सांगितलं होतं. तासानंतर मी हन्नेकेजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, "इथे शिक्षकाने प्रश्न विचारला तरी दहा आकडे मोजायचे, मगच पुढे बोलायचं. मी अजून मनात मोजते." मग तिने सांगितलं, की त्यांच्याकडेही पूर्वी प्रॉम्प्टर असे. त्याच्यासाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला खड्डा असे आणि त्याला जे नाव होतं, ते फ्रेंचमधून आलेलं, त्याचा अर्थ फुंकर घालणारा. मला ते नाव आवडलं. तिने पुढे हेही सांगितलं, की आता बहुतेक ठिकाणी तो खड्डा बुजवलाय. ते तितकंसं आवडलं नाही.

बेस्ट : शनिवार-रविवार

अश्विनीकडे जायला मास्ट्रिख्टहून आइंडहोवन आणि तिथून छोट्या गाडीने दहा मिनिटं. पहिल्याच प्रवासात मी माती खाल्ली. डबा जवळजवळ रिकामा पाहून आत बसले आणि सांगलीला बहिणीला फोन लावला. तिला नीट ऐकू येत नाही, तेव्हा मी आवाजाची सगळी पट्टी वापरली. समोरच्या गृहस्थांनी पुस्तक खाली ठेवलं आणि काही न बोलता खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. काचेवर मोठ्या अक्षरांत 'शांतता' असं दोन भाषांत लिहिलेलं होतं. या देशात गप्प बसणाऱ्यांसाठी रेल्वेचा वेगळा डबा असतो. मी बहिणीला म्हटलं, "ठेवते, इथे बोलायला बंदी आहे." ती घाबरून विचारायला लागली, तिकडे काय झालंय म्हणून.

अश्विनी स्टेशनवर सायकल घेऊन उभी होती. चौतिशीची झालीय, केस कापलेत, पण "मॅडम!" म्हणून हाक मारली ती तीच. मिठी मारायला पुढे आली आणि साथीतल्या सवयीने दीड मीटरवर थबकली. आम्ही दोघींनी कोपराला कोपर लावलं आणि मग, चाचणी दोघींची झालीय असं म्हणून, मिठी मारलीच.

घर छोटं, दोन मजली, पुढे हातभर बाग. नवरा समीर इंजिनियर. "या, मॅडम, तुमच्याबद्दल लग्न झाल्यापासून ऐकतोय," म्हणून तो चहा टाकायला गेला. सात वर्षांची मुलगी ईरा मला 'मॅडमआजी' म्हणाली आणि ते नाव पुढे चालू राहिलं. तिला मराठी सगळं समजतं. उत्तर इंग्रजीत येतं, चिडली की डचमध्ये.

भाजणी संपत आली होती तरी अश्विनीने थालीपिठं लावली. लोणी इथलं, चटणी कारळ्याची. दुसरं थालीपीठ पानात पडल्यावर तिने विषय काढला.

"मॅडम, मी परत नाटक करणार आहे. म्हणजे, शिकणार आहे. मास्ट्रिख्टला नाट्यशाळेचा कोर्स आहे ना, नाटकाचे शिक्षक तयार करतात तो? पार्ट-टाइम आहे. डिसेंबरात पहिल्या फेरीची ऑडिशन आहे."

"डचमध्ये?"

"चार वर्षं शिकतेय, मॅडम. शाळेत दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम करते, तिथेच जास्त शिकले. अर्धं डच, अर्धं मराठी चालेल म्हणालेत. पण समीरचं प्रोजेक्ट पुढच्या वर्षी इथेच असेल की नाही, कुणास ठाऊक. यंदा झालं तर झालं."

तिने स्वतःच एक छोटं एकपात्री लिहिलं होतं. इथे आल्यावर खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, नाव नोंदवायला लागतं. खिडकीमागची बाई विचारते. नाव? जन्मस्थळ? शिक्षण? आणि शेवटी, व्यवसाय? खिडकीसमोरची बाई प्रत्येक उत्तर डचमध्ये देते आणि मनातलं मराठीत बोलते. 'व्यवसाय' या प्रश्नाला मात्र ती आधी मराठीतच म्हणते, "लिहा, काही नाही." आणि मग, न विचारता, आपण आजवर काय काय करत आलो ते सांगत सुटते. खिडकीमागच्या बाईचे प्रश्न तिची भाषावर्गातली पोलिश मैत्रीण माग्दा वाचणार होती.

मी ऐकलं आणि मला खरंच आनंद झाला. लेखन साधं होतं, खोटं कुठे नव्हतं. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पुढचे तीन शनिवार-रविवार मी तिथेच. श्वास कुठे घ्यायचा, 'लिहा'नंतर किती तोडायचं, सगळं ठाकून ठोकून घेतलं. संहितेतलं मराठी मला तिच्याआधी पाठ झालं. 'व्यवसाय?' हा प्रश्न आला, की पायरीवर बसलेली ईरा दर वेळी डचमध्ये काहीतरी पुटपुटायची.

"काय म्हणतेय ती?" मी एकदा विचारलं.

"काही नाही हो, तिलाही पाठ झालंय सगळं," अश्विनी म्हणाली आणि विषय बदलला. मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

पुन्हा मास्ट्रिख्ट : तीस खुर्च्या

नोव्हेंबर संपता संपता रुग्ण पुन्हा वाढले. दुकानं, उपाहारगृहं, नाट्यगृहं, सगळ्यांना संध्याकाळी पाचला टाळं. नाटकवाल्यांनी प्रयोग दुपारी आणले. आपल्याकडे दुपारचा प्रयोग म्हटलं की वामकुक्षी सोडून आलेले प्रेक्षक डुलक्या काढतात. इथे लोक सायकली हाणत दोन वाजता हजर. हन्नेकेने आमच्या विभागाच्या छोट्या सभागृहात तीस खुर्च्या दीड-दीड मीटरवर मांडून एक खुली दुपार ठरवली. त्यात विद्यार्थ्यांचे प्रवेश होते, आणि माझ्या सांगण्यावरून अश्विनीचं एकपात्री. ऑडिशनआधी अनोळखी लोकांसमोर एकदा होऊन जावं, एवढाच हेतू.

तिथे विंग नव्हती. काळ्या भिंती आणि मध्ये मोकळी जागा. मी दुसऱ्या रांगेत, तोंडावर मास्क, शेजारी दीड मीटरवर ईरा, तिच्यापलीकडे समीर. माग्दा टेबलामागे. अश्विनी साध्या निळ्या स्वेटरमध्ये आली आणि पहिल्या वाक्यापासून सभागृह तिचं झालं. जन्मस्थळाला लोक हसले, शिक्षणाला गप्प झाले. मी मास्कच्या आत तिच्याबरोबर प्रत्येक मराठी शब्द बोलत होते.

"व्यवसाय?" माग्दाने विचारलं.

अश्विनी थांबली. तालमीत इथे जेमतेम एक श्वास होता. तो गेला. दुसरा गेला. तिची नजर टेबलाच्या कडेवर. मी मास्कमध्ये ओठ हलवत होते, 'लिहा, लिहा'. पण मास्कमधले ओठ तिला दिसणार कसे? चौथा श्वास. सांगलीचं सभागृह, ते वडील, तो शेरा, सगळं डोळ्यांपुढे आलं. पोरगी पुन्हा अडकली.

"लिहा, काही नाही!" मी म्हटलं.

वाचिक अभिनयाच्या शिक्षिकेचा आवाज. मास्कने काय अडणार? सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अश्विनीने डोळे मिटले, उघडले आणि माझ्यामागून तेच वाक्य म्हटलं. पुढचं सगळं तिने नीट केलं, पण ते पाठ म्हणून दाखवल्यासारखं झालं. संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इथे प्रयोग बरा झाला तरी उभे राहतात आणि यथातथा झाला तरी उभे राहतात, हे मला एव्हाना कळलं होतं. आपल्याकडे पडदा पडला की लोक चपला शोधतात, पण नट आवडला तर विंगेत येऊन हात हातात घेतात. त्या दिवशी हात कुणी घेतला नाही. नियमच होता म्हणा.

ईरा माझ्याकडे वळली. "मॅडमआजी," ती म्हणाली, "you talked in the quiet part."

ती पायरीवर बसून काय पुटपुटायची ते मला तेव्हा समजलं. ती आईला सांगत असायची, की इथे आता गप्प राहायचं. माझ्यासमोर तालीम करताना अश्विनी ती जागा गाळायची, कारण मला ती सोसणार नाही हे तिला माहीत होतं.

बाहेर अंगणात वारं बोचत होतं. समीर ईराला घेऊन पुढे गेला. अश्विनी सायकलींच्या रांगेजवळ उभी होती. मी म्हटलं, "अगं, मला वाटलं तू विसरलीस."

"माहितीये, मॅडम."

"सांगायचंस की मला, की मोठा पॉझ घेणार आहेस म्हणून."

तिने खिशातून सायकलची किल्ली काढली. मग म्हणाली, "सांगलीतही मी विसरले नव्हते."

मला आधी कळेचना. मग कळलं.

"त्या मुलीला 'नाही, बाबा' म्हणायला वेळ लागणारच ना? घर सोडून चाललीय ती. मला वाटलं, तेवढं थांबावं. तुम्ही विंगेतून बोललात. नंतर शेरा आला, पाठांतर कच्चे. तुम्ही इतकी समजूत काढलीत, की खरं सांगायची सोयच उरली नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मग मलाच वाटायला लागलं, की विसरलेच असेन. मॅडम म्हणतायत म्हणजे विसरलेच असेन."

चौदा वर्षं, दरवर्षी नव्या मुलांसमोर, मी तिची ती विसरलेली जागा रंगवून सांगत आले होते. मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं, पण बसायला सायकलींखेरीज काही नव्हतं. "अश्विनी, चुकलं माझं," मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं. तिने मान हलवली आणि सायकलचं कुलूप काढलं.

डिसेंबर : चार प्रश्न

पुढचे दहा दिवस मी बेस्टला गेले नाही. बोलावणं आलं नाही आणि आपणहून जायचं तोंड नव्हतं. वर्गात दहा आकडे मोजू लागले. पहिल्या दिवशी सहाला घाम फुटला. पण आठ-नऊच्या सुमाराला मुलं जे बोलायची, ते दोनला बोलली नसती, हेही दिसलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; माझी मोजणीवर ठेवली होती.

ऑडिशनच्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला. "मॅडम, माग्दाची टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. समीर कामावर आहे, आणि तो प्रश्न विचारायला लागला की मला हसू येतं." मग ती थांबली. मी मोजत होते. सातला ती म्हणाली, "तुम्ही वाचाल का प्रश्न?"

"मला डच येत नाही, बाळ."

"चारच शब्द आहेत. आणि उच्चार तुम्हाला कुणी शिकवायला नको."

नाट्यशाळेच्या आवारात आम्ही मास्क लावून, वाफा सोडत, ते चार शब्द घोटले. त्यांचा 'ग' घशाच्या तळातून, खाकरल्यासारखा, 'ख'कडे झुकवून काढावा लागतो. खेमेंतेतला पहिला ध्वनी तोच, तो माझा चांगला जमला. इतर काही तिने सांगितलं नाही. मीही 'आज बोलणार नाही' असं वचन दिलं नाही. सवयीच्या माणसाने वचनं देऊ नयेत.

तालीमघरात तीन परीक्षक लांब टेबलांवर, एकमेकांपासून दूर बसलेले. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. माझ्यासाठी खुर्ची आणि छोटं टेबल, तिच्यापासून दीड मीटरवर, परीक्षकांकडे पाठ. तिने मास्क काढून खिशात ठेवला. माझा होताच. मी दोन्ही हात मांडीवर एकात एक घट्ट धरले.

नाव. जन्मस्थळ. शिक्षण. ती त्या दुपारपेक्षा सैल होती, शब्द सहज येत होते. मग मी चौथा प्रश्न विचारला, "व्यवसाय?"

ती गप्प झाली. मी मोजायला लागले. पाचला तिची नजर टेबलाच्या कडेवर होती, जिथे असायला हवी तिथे. आठला ती वर आली. दहाला ती माझ्याकडे पाहत होती. हे ठरलेलं नव्हतं. बारा. ती सरळ माझ्या तोंडाकडे, म्हणजे मास्ककडे, पाहत होती. शाळकरी पोरं फळ्याकडे पाहतात तशी. मागे परीक्षकांपैकी कुणाचं तरी पेन थांबलं. ही थांबलीय की विसरलीय? थांबली असेल आणि मी बोलले, तर तिसऱ्यांदा तेच. विसरली असेल आणि मी गप्प बसले, तर चार वर्षांचं डच, ही यंदाची एकच संधी, सगळं माझ्या डोळ्यांदेखत जातंय आणि शब्द माझ्या जिभेवर तयार आहे. 'लिहा.' एक शब्द. दीड मीटर.

मी जीभ दातांखाली धरली. खरंच धरली, नंतर दोन दिवस आमटी झोंबत होती. सतरा. अठरा.

"थांबा," अश्विनी मराठीत म्हणाली. "आठवतेय."

आणि तेच, सावकाश, तिने डचमध्ये म्हटलं.

हे वाक्य संहितेत नव्हतं. एक परीक्षक 'अं' असं काहीसं म्हणाली, हसू आणि उसासा दोन्ही असलेलं. त्यापुढे मग ओळीने सगळं आलं. अमुक केलं, तमुक केलं, अमुक सोडलं, मुलांच्या डब्यांची झाकणं उघडून दिली. 'काही नाही' हे शब्द तिने शेवटपर्यंत वापरलेच नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर मी हन्नेकेने सकाळी दिलेला व्लायचा डबा उघडला. अश्विनीने तुकडा घेतला, पण खाल्ला नाही.

"सुरेख थांबलीस," मी म्हटलं. "ते वाक्य आयत्या वेळी बदलायचं कसं सुचलं तुला?"

"सुचलं कुठे, मॅडम?" ती म्हणाली. "या वेळी खरंच विसरले होते."

मी काही बोलले नाही. बोलायला जीभ दुखत होती, हे एक कारण.

"पूर्ण कोरी. तुमच्याकडे पाहिलं, म्हटलं, आता तुम्ही सांगाल. तुम्ही सांगेचनात. मग काय करणार? जे चाललं होतं तेच सांगितलं." तिने व्लायचा घास घेतला आणि चेरीचा रस पुसत हसायला लागली. हसता हसता रडली. मीही रडले. त्या दिवशी दीड मीटर कुणी पाळला नाही.

सांगली : पहिला तास

पुढच्या आठवड्यात सगळा देश पुन्हा बंद झाला आणि मी ठरल्यापेक्षा चार दिवस आधी परतले. अश्विनीचा निरोप जानेवारीत आला, पहिली फेरी पार. उन्हाळ्यात दुसराही आला. ती आता आठवड्यातून दोन दिवस बेस्टहून मास्ट्रिख्टला जाते, गप्प बसायच्या डब्यातून. पाठांतर तिथे चांगलं होतं म्हणते.

यंदा वर्ग पुन्हा समोरासमोर भरले. पहिल्या तासाला मी तो किस्सा सांगितला. नाव न घेता, पण आता पुरा सांगितला. सांगलीचं सभागृह, माझा आवाज, परीक्षकांचा शेरा, आणि ती विसरली नव्हती हेही. मग मास्ट्रिख्ट. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"पण मॅडम, समोरचा विसरलाय की थांबलाय, हे प्रॉम्प्टरने ओळखायचं कसं?"

मला ओळखता आलं नव्हतं. तिन्ही वेळा चुकलं होतं, आणि एकदाच त्याने कुणाचं भलं झालं होतं. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. मग पाहिलं, तर तिच्या कपाळाला आठी पडली होती, नजर बाकाच्या कडेवर, ओठ किंचित हलत होते. मी मोजायला लागले.